प्राथमिक साधन – पण कशाचं?

एका पीएच.डी. प्रबंधाची मौखिकी, म्हणजे तोंडी परीक्षा, खुली होती म्हणून मागच्या रांगेत जाऊन बसलो होतो. प्रबंधाचा विषय छान होता: शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांनी पानिपतची लढाई पिढ्यानपिढ्या कशी सांगितली. संशोधनात ज्यावरून लिहायचं ते साधन; थेट साक्ष देणारं मूळ साधन प्राथमिक आणि त्यावरून नंतर कुणी लिहिलेलं ते दुय्यम, अशी सर्वसाधारण समजूत. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध उघडला तो शेवटाकडून. संदर्भसूचीवर बोट ठेवून ते खाली येत गेले, एका जागी थांबले आणि म्हणाले, "प्राथमिक साधनांच्या यादीत तुम्ही पाठ्यपुस्तकं घातलीत. पाठ्यपुस्तक प्राथमिक कसं?" प्रबंध लिहिणारी मुलगी म्हणाली, "सर, माझा प्रश्नच पाठ्यपुस्तकांबद्दल आहे." सरांनी मान हलवली. "ते असू दे. पाठ्यपुस्तक म्हणजे दुय्यमाचंही दुय्यम. यादी बदलून द्या." त्यानंतरचा बराच वेळ कोणत्या यादीत किती नोंदी आहेत, यावरच गेला. प्रबंधात काय म्हटलंय याकडे गाडी वळलीच नाही.

बाहेर व्हरांड्यात वाद रंगला आणि लगेच दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, नियम म्हणजे नियम: दप्तरातला कागद प्राथमिक, छापील पुस्तक दुय्यम, आणि संशोधकाची लायकी पहिल्या यादीच्या लांबीवरून ठरते. दुसऱ्या तटात तरुण मंडळी जास्त. त्यांच्या मते हा भेदच जुनाट आहे. दप्तरातला कागदही कुणीतरी कुठल्यातरी हेतूनं लिहिलेला असतो, मग त्याला वेगळा मान कशाला? दोन्हीकडचे लोक हुशार होते आणि दोन्हीकडचे चुकत होते. चूकही एकच होती. प्राथमिक असणं हा कागदाचा जन्मजात गुण आहे असं दोघांनीही धरलं होतं. एकाला तो गुण पवित्र वाटत होता, दुसऱ्याला थोतांड. माझं मत असं की प्राथमिक किंवा दुय्यम हे साधनाचं आपल्या प्रश्नाशी असलेलं नातं आहे. एकच बाई कुणाची आई असते, कुणाची मावशी, कुणाची सून. "ही बाई आई आहे की मावशी?" या प्रश्नाला उत्तर नाही, "कुणाची?" असं विचारल्यावर मात्र पक्कं, एकच उत्तर मिळतं. नातं सापेक्ष आहे म्हणून ते खोटं ठरत नाही, आणि मनाला येईल तसं बदलताही येत नाही.

या गोंधळाला आपली भाषाही थोडी जबाबदार आहे. "दुय्यम" हा शब्द मराठीत हलक्या प्रतीचा वास घेऊनच येतो. दुय्यम दर्जा, दुय्यम स्थान, दुय्यम वागणूक. एखाद्या उत्तम ग्रंथाला दुय्यम साधन म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात तो ग्रंथ आपोआप एक पायरी खाली उतरतो. त्यात भर कायद्याची. १८७२ च्या पुरावा कायद्यात प्राथमिक पुरावा म्हणजे न्यायालयापुढे हजर केलेला मूळ दस्तऐवज, आणि दुय्यम म्हणजे त्याची प्रमाणित नक्कल वगैरे. २०२३ च्या नव्या कायद्यानंही हा भेद ठेवला आहे. न्यायालयाला समोरचा कागद मूळ आहे की नक्कल एवढंच त्या टप्प्यावर ठरवायचं असतं, म्हणून तिथे ही व्याख्या चोख काम करते. संशोधनात आपण तेच शब्द उचलले आणि त्यांच्याबरोबर न्यायालयाचा दराराही आणला. "प्राथमिक साधनात असं म्हटलंय" हे वाक्य लोक "निकाल लागला" अशा सुरात म्हणतात ते त्यामुळेच.

खरं तर त्या एका शब्दात आपण चार निरनिराळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. कागद अस्सल आहे का, म्हणजे ज्यानं लिहिला असं म्हणतो त्यानंच लिहिला का? तो समकालीन आहे का? लिहिणाऱ्यानं प्रसंग डोळ्यांनी पाहिला होता का? आणि तो खरं बोलतोय का? या चार गोष्टी हातात हात घालून येतातच असं नाही. पानिपतचंच बघा. काशीराज पंडित अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, १७६१ च्या त्या लढाईच्या वेळी तिथे हजर होता, पण त्यानं आपली हकीकत फारसीत लिहिली ती १७८० च्या सुमारास. प्रत्यक्षदर्शी आहे, पण मध्ये जवळजवळ वीस वर्षं गेलेली. उलट लढाईच्या काळातच दूरच्या ठाण्यावर बसून कुणी कारकुनानं ऐकीव बातमी पत्रात कळवली असेल तर ते पत्र समकालीन आहे, अस्सल आहे आणि तरीही ऐकीव आहे. यांतलं जास्त प्राथमिक कोणतं? लढाई कशी झाली हे विचारायचं असेल तर माझा कल काशीराजाकडे, सावधपणे. पराभवाची बातमी कशी आणि कोणत्या रूपात पसरली हे विचारायचं असेल तर कारकुनाच्या पत्राला तोड नाही.

स्मृतीच्या बाबतीत तर फारच जपून राहायला हवं. १९८६ च्या जानेवारीत चॅलेंजर अवकाशयान कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं: बातमी कुठे कळली, कुणी सांगितली, त्या वेळी काय करत होतात. सुमारे अडीच वर्षांनी तेच प्रश्न त्यांतल्या काही मुलांना पुन्हा विचारले. जवळपास चौथा हिस्सा मुलांची आठवण प्रत्येक मुद्द्यावर चुकली होती, आणि त्यांतल्या कित्येकांना आपल्या आठवणीबद्दल पुरेपूर खात्री होती. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरातली जुनी उत्तरं दाखवली तरी हरवलेली आठवण परत आली नाही. म्हणजे तोच माणूस, तोच प्रसंग, दोन्ही कथनं त्याच्याच हातची. तरी पहिल्या कागदावरून त्या सकाळी काय घडलं ते कळतं, आणि दुसऱ्यावरून माणसाच्या मनात त्या सकाळचं पुढे काय झालं ते. आत्मचरित्रांना सरसकट "प्राथमिक" अशा फडताळात टाकणाऱ्यांनी हे आठवावं.

आता पहिल्या तटाची बाजू. तिच्यात जोर आहे आणि तो मान्य केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मूळ कागदाचा आग्रह धरणारे लोक झाले नसते तर आपला निम्मा इतिहास अजून ऐकीव राहिला असता. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ मध्ये "मराठ्यांच्या इतिहासाची साधने" या मालेचा पहिला खंड छापला. त्याआधी लोक बखरींवर आणि ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या १८२६ सालच्या इंग्रजी इतिहासावर विसंबून होते. राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसली, आणि समकालीन पत्रांपुढे बखरींचं वजन किती कमी आहे हे दाखवून दिलं. हा आग्रह योग्यच होता. तो नसता तर प्रत्येक नवा लेखक मागच्या लेखकाचं उतरवून काढत बसला असता, आणि एकाची चूक दहा पुस्तकांत आली की दहा साक्षीदार मिळाल्यासारखं वाटलं असतं.

उतरवून काढण्याचा रोग किती खोल जातो याचा एक मासला मला फार आवडतो. पालकात भरपूर लोह असतं हा समज एका जर्मन शास्त्रज्ञाच्या दशांशचिन्हाच्या चुकीतून पसरला, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. टिंब एक घर सरकलं आणि लोह दहापट झालं. १९८१ मध्ये टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमधल्या एका लेखात ती सांगितली. लेखाचा रोख काय, तर विज्ञानातल्या खोट्या गोष्टी न तपासता कशा पसरतात. पुढे असंख्य लेखकांनी "मूळ आकडे तपासा" असा उपदेश करताना हीच गोष्ट सांगितली. २०१० मध्ये माइक सटन यांनी माग काढला तेव्हा त्या सरकलेल्या दशांशचिन्हाचा पुरावाच कुठे सापडेना. हॅम्ब्लिन यांनी लेखात संदर्भ दिला नव्हता. मूळ तपासा असं सांगणारी गोष्टच कुणी मुळापर्यंत जाऊन तपासली नव्हती! दुसऱ्या तटातल्या माझ्या तरुण मित्रांनो, भेद जुनाट आहे म्हणता तेव्हा हे प्रकरण कसं सोडवणार? ही गोष्ट पहिल्यांदा कुणी सांगितली आणि ती त्याला कशी कळली, हे विचारल्याशिवाय ते सुटतच नाही. आणि हे विचारणं म्हणजेच साधनांचं नातं तपासणं.

पण मूळ कागद हाती आला की काम संपलं, असं मानणाऱ्यांसाठीही इतिहासानं एक प्रकरण राखून ठेवलं आहे. १९८३ च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या श्टेर्न साप्ताहिकानं जाहीर केलं की हिटलरच्या रोजनिशा सापडल्या. साठेक वह्या. ह्यू ट्रेव्हर-रोपर हा त्या काळावरचा मोठा इतिहासकार. बँकेच्या तिजोरीत त्या वह्यांचा ढीग पाहून त्यानंही सुरुवातीला मान डोलावली. इतकं खोटं कोण कशाला लिहील? हस्ताक्षरतज्ज्ञांनीही होकार दिला, पण ताडून पाहायला दिलेल्या नमुन्यांत त्याच बनावट लेखकाच्या हातचे कागद होते. दोन आठवड्यांत बिंग फुटलं. कागदात युद्धानंतर वापरात आलेलं पांढरेपणा आणणारं द्रव्य निघालं. वह्यांवर चिकटवलेली आद्याक्षरंसुद्धा चुकीची होती. कोनराड कुयाउ नावाच्या माणसानं हे सगळं बसून लिहिलं होतं. आणि मजकूर त्यानं आणला कुठून? बराचसा माक्स डोमारुस यांनी संपादित केलेल्या हिटलरच्या भाषणांच्या छापील संग्रहातून, त्यातल्या चुकांसकट. म्हणजे जगानं प्राथमिक म्हणून डोक्यावर घेतलेली गोष्ट एका संपादित छापील पुस्तकावरून तयार झाली होती. वहीचं रूपडं मूळ कागदाचं होतं, तेवढ्यानं भलेभले भुलले.

बनावट कागदांचं सोडा, अस्सल कागदांतही दुय्यम काम आत शिरलेलं असतं आणि ते आपल्याला दिसतच नाही. मराठी दप्तरातलं एखादं पत्र घ्या. मोडी लिपीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसतो. कुठे शब्द तोडायचा हे वाचणाऱ्यानं ठरवायचं. शेवटी तारीख असते ती पुष्कळदा "छ" पुढे चंद्राचा दिवस आणि मुसलमानी महिन्याचं नाव अशी. साल बहुतेक वेळा नसतंच. लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्याला साल ठाऊकच होतं, लिहायचं कशाला? छापील खंडात मात्र पत्राच्या डोक्यावर साल दिसतं. ते संपादकानं पत्रातल्या माणसांवरून, मोहिमेवरून, इतर पत्रांशी जुळवून काढलेलं असतं. काढताना चूक झाली तर ते पत्र भलत्याच वर्षी जाऊन बसतं आणि त्याच्याबरोबर एखादी मोहीमही. संशोधक मात्र खाली तळटीप देतो ती प्राथमिक साधन म्हणून, आणि ज्या सालाच्या भरवशावर त्याचा सगळा युक्तिवाद उभा असतो ते साल शंभर वर्षांपूर्वीच्या एका विद्वानाचा अंदाज असतो. अंदाज बहुधा उत्तम असतो, प्रश्न तो नाही. तो अंदाज आहे हे किती जणांना माहीत असतं?

विद्याशाखा बदलली की हे नातं कसं फिरतं ते बघण्यासारखं आहे. भौतिकशास्त्रज्ञाला विचारा, प्राथमिक साहित्य म्हणजे काय? तो म्हणेल, प्रयोग करणाऱ्यानं स्वतः लिहिलेला शोधनिबंध; आढावा घेणारे लेख दुय्यम. तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजणारा रॉबर्ट मिलिकनचा १९१३ चा निबंध या व्याख्येत चपखल बसतो. त्यात ५८ थेंबांची मापं आहेत, आणि मिलिकन बजावून सांगतो की हे निवडलेले थेंब नसून सलग ६० दिवसांत प्रयोग केलेले सगळे थेंब आहेत. विज्ञानाचे इतिहासकार मात्र त्या निबंधावर थांबले नाहीत. जेराल्ड होल्टन यांनी १९७० च्या दशकात मिलिकनच्या प्रयोगवह्या उघडल्या. तिथे शंभराहून जास्त थेंब निघाले, आणि काही नोंदींच्या शेजारी "सुंदर, छापायचा" अशा अर्थाचे शेरे. पुढच्या अभ्यासकांनी गाळलेले थेंब मोजणीत घेऊन पाहिलं तर विद्युतभाराच्या किमतीत फारसा फरक पडत नव्हता. बरेचसे थेंब उपकरणाची घडी बसण्याआधीचे होते. हे सांगायलाच हवं, नाहीतर मिलिकनवर अन्याय होईल. पण इलेक्ट्रॉनचा भार किती, या प्रश्नाला जो निबंध प्राथमिक होता, तोच मिलिकननं प्रयोग कसा केला या प्रश्नाला त्याच्या वह्यांपुढे आवरून-सावरून लिहिलेली नंतरची हकीकत ठरतो. निबंधातलं एक अक्षरही न बदलता त्याची जागा बदलली.

कोणी म्हणेल, हे सगळं बारकाव्यांचं झालं. याचं व्यवहारात काय बिघडतं? बिघडतं, आणि कधी कधी माणसं मरतात. १९८० च्या जानेवारीत न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र छापून आलं. एक परिच्छेद, पाच वाक्यं. इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. ११,८८२ जणांना अफूजन्य वेदनाशामकं एकदा तरी दिली होती. पूर्वी व्यसन नसलेल्यांपैकी नीट नोंद झालेलं व्यसन फक्त चौघांना जडलं. बस. यात खोटं काहीच नाही, आणि कुठल्याही व्याख्येनं बघा, हे प्राथमिक साधनच आहे. पण ते कशाचं साधन? इस्पितळात, डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून गोळ्या मिळणाऱ्या रुग्णांचं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा त्या पाच वाक्यांचा दाखला ६०८ ठिकाणी दिलेला आढळला. ७२ टक्क्यांहून जास्त ठिकाणी तो व्यसन क्वचितच जडतं याचा पुरावा म्हणून होता, आणि सुमारे ८१ टक्के ठिकाणी हे इस्पितळातले रुग्ण होते एवढंसुद्धा लिहिलेलं नव्हतं. उत्तर अमेरिकेत पुढे वेदनाशामकांच्या व्यसनानं जे थैमान घातलं त्याला हातभार लावणाऱ्या गोष्टींत या दाखल्यांची गणना होते. प्राथमिक साधन आहे का, या परीक्षेत ते पत्र दर वेळी उत्तीर्ण झालं असतं. कशाचं, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं.

याच्या नेमकं उलट उदाहरणही वैद्यकातलंच आहे, आणि दुय्यम शब्दाला नाक मुरडणाऱ्यांनी ते ऐकावं. दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याची चिन्हं असलेल्या बाईला स्टिरॉइडचा छोटा, स्वस्त डोस दिला तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात, हे दाखवणारी पहिली मोठी चाचणी १९७२ मध्ये न्यूझीलंडमधून प्रसिद्ध झाली. त्यानंतर आणखी चाचण्या झाल्या. एकेकटी पाहिली तर त्यांतल्या बऱ्याचशा चाचण्यांतून ठाम काही निघत नव्हतं, त्यामुळे डॉक्टरही बिचकत राहिले. त्या सगळ्या एकत्र मांडणारा आढावा आला १९८० च्या दशकाच्या शेवटी, आणि जे प्रत्येकीत धूसर होतं ते एका चित्रात लख्ख दिसलं. मधल्या वर्षांत उपचार न मिळाल्यानं किती बाळं हकनाक गेली, त्याचा हिशेब फार मोठा आहे. कॉक्रेन या आढावे करणाऱ्या संस्थेचं बोधचिन्ह त्याच आलेखावरून काढलेलं आहे. एकाही नवीन रुग्णाला हात न लावता केलेलं ते काम होतं, शंभर टक्के दुय्यम! लढाईतल्या शिपायाचंही तेच. त्याला आपल्या समोरची धूळ दिसते, पण कोणाची सरशी होतेय ते दोन्हीकडची पत्रं नंतर शेजारी ठेवून वाचणाऱ्याला जास्त कळतं.

आता सर्वांत अवघड आक्षेप. व्हरांड्यात एका ज्येष्ठ बाईंनी तो नेमका मांडला होता: "प्रश्नावर अवलंबून आहे म्हणालात की उद्या कुणीही उठेल आणि आपल्या सोयीची शंभर वर्षांनंतरची बखर प्राथमिक म्हणून पुढे करेल. तुमची ही सैल व्याख्या त्याच्याच पथ्यावर पडेल." भीती खोटी नाही. पण मला वाटतं परिणाम उलटा होतो. कृष्णाजी अनंत सभासदानं शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे दीड दशकानं, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला बखर लिहिली. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची. जुन्या नियमानं चाललं तर सोयीची बखर हवी असणारा माणूस "बखर हे जुनं साधन आहे, म्हणून प्राथमिक" असं म्हणून सुटतो, कारण जुनेपणा हीच त्याची खूण. माझ्या म्हणण्याप्रमाणे त्याला वाक्य पुरं करावं लागेल: कशाचं प्राथमिक? चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकारंभी साताऱ्याच्या दरबाराजवळ महाराजांची आठवण कशी जपली जात होती, याचं प्राथमिक साधन आहे आणि फार मोलाचं आहे. सतराव्या शतकातल्या एखाद्या प्रसंगाचं ते प्राथमिक साधन आहे असं म्हणायचं तर त्याला तोंडावर सांगता येईल की बाबा रे, मधली शंभरावर वर्षं कुठे गेली? अर्धं वाक्य सैल असतं. पुऱ्या वाक्याला पकडता येतं.

या वाक्यानं खोटा कागदसुद्धा कामाला लागतो. रोमन सम्राट कॉन्स्टन्टाइननं चौथ्या शतकात पश्चिमेचं राज्य पोपला दान दिलं, असं सांगणारं दानपत्र मध्ययुगात शेकडो वर्षं दाखवलं जात होतं. १४४० मध्ये लोरेन्त्सो वाल्ला या इटालियन विद्वानानं त्याची लॅटिन तपासली आणि दाखवलं की त्यातले शब्द त्या काळाचे असूच शकत नाहीत. रोमच्या अधिकाऱ्यांना त्यात "सत्रप", म्हणजे इराणी सुभेदारांची पदवी, लावली होती! कागद बनावट ठरला. मग टाकून द्यायचा? मुळीच नाही. आज इतिहासकार ते दानपत्र बहुधा आठव्या शतकातलं मानतात, आणि आठव्या शतकात पोपच्या गोटातल्या लोकांना कोणते हक्क हवे होते हे सांगणारं त्यासारखं प्राथमिक साधन विरळा. कॉन्स्टन्टाइनबद्दल ते काहीच सांगत नाही. ज्यांनी ते बनवलं त्यांच्याबद्दल मात्र भरभरून सांगतं.

शिकवणाऱ्यांची एक अडचण उरते. नवख्या मुलांना हे सगळं कसं सांगायचं? त्यांना एक सोपा तक्ता हवा असतो: डावीकडे पत्रं, रोजनिशा, शिलालेख, नाणी, उजवीकडे ग्रंथ, चरित्रं, कोश. मी स्वतः असे तक्ते फळ्यावर काढले आहेत, तेव्हा फार तोऱ्यात बोलत नाही. पहिल्या आठवड्यापुरता तक्ता चालतो. पण तो पहिल्या आठवड्यातला तक्ता पाच वर्षांनी प्रबंधाच्या मौखिकीला कसा काय येऊन बसतो? त्याचं कारण असं की तक्त्यानं मोजता येतं. किती प्राथमिक, किती दुय्यम, प्रमाण काय. मोजणं सोपं, वाचणं कष्टाचं. आणि मेगॅस्थेनिसचं काय करायचं, हे तो तक्ता सांगत नाही. चंद्रगुप्त मौर्याच्या दरबारी आलेल्या त्या ग्रीक राजदूताचं पुस्तक हरवलं. स्ट्रेबो, एरियन, डायोडोरस अशा नंतरच्या लेखकांनी उतरवून घेतले तेवढे तुकडे उरले. ही प्रत्यक्षदर्शी साक्ष आता शेकडो वर्षांनंतरच्या, भारत न पाहिलेल्या माणसांच्या हातूनच मिळते. कोणत्या रकान्यात टाकता?

त्या मुलीनं यादी बदलून दिली. ती मला नंतर वाचनालयात भेटली तेव्हा मी विचारलं, काय काय बदललं? पाठ्यपुस्तकं खाली गेली होती, त्यामुळे पाठ्यपुस्तकांवरच्या प्रबंधात एकही पाठ्यपुस्तक प्राथमिक साधनांत उरलं नव्हतं. पण तिला जास्त रुखरुख दुसऱ्याच नोंदीची होती. ग्रँट डफ तिनं मुद्दाम दोन्ही याद्यांत घातला होता: पानिपतच्या हकीकतीसाठी दुय्यमात, आणि ब्रिटिश अधिकाऱ्याच्या ज्या नजरेचा ठसा पुढे पाठ्यपुस्तकांवर उमटला तिच्यासाठी प्राथमिकात. शेजारी कंसात दोन ओळींचं कारणही दिलं होतं. टंकलेखकानं अंतिम प्रत काढताना एकच पुस्तक दोनदा आलेलं पाहिलं, नजरचूक समजून वरची नोंद कंसासकट उडवली, आणि इतकी काळजी घेतली म्हणून तिला वर फोन करून तसं सांगितलंही.